अभियांत्रिकीच्या पदवीस कोणते विषय जमेस धरतात

या मासिकांत बहुधा बियाणें, खतें, ओलीत, बाजारभाव व पतपेढ्या यांविषयीं लेख येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांचा पैसा कोणत्या वाटेनें घराबाहेर जातो हें पाहूं गेल्यास मुलांचें शिक्षण ही एक मोठी बाब दिसून येईल. सोयाबीनची पट्टी हातीं आली कीं पुष्कळ घरीं तींतून पहिला खर्च निघतो तो कॉलेजची फी आणि मुलाच्या खोलीचें भाडें यांचा. जमिनीच्या खरेदीखतावर सही करण्यापूर्वी आपण सात-बारा, फेरफार व चतुःसीमा पाहून घेतों. मात्र चार वर्षांची पदवी कशाकशाची मिळून होते, हें विचारणारा पालक प्रस्तुत लेखकास क्वचितच भेटला आहे. लेखक कांहीं शिक्षणतज्ज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला तो एक मनुष्य आहे. परंतु नियम वाचणें व त्याप्रमाणें बेरीज लावणें हेंच काम जन्मभर केलें असल्यामुळें हा विषय त्यास फारसा परका वाटला नाहीं.

पूर्वी आपल्या भागांत हा प्रश्न उद्भवत नसे, कारण मुळांत असें कॉलेजच नव्हतें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. ज्यास इंजिनियर व्हावयाचें त्यानें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या १९२९ सालीं निघालेल्या कॉलेजांत जावें, नाहीं तर पुण्याचा रस्ता धरावा, जेथें १८५४ पासून हें शिक्षण चालू होतें. औरंगाबादेस सरकारी कॉलेज निघालें तें १९६० सालीं. नांदेडजवळ विष्णुपुरी येथें श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था १९८१ सालीं सुरू झाली, आणि लातुरास बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालीं. विष्णुपुरी म्हणजे जेथें गोदावरीचें पाणी उचलून रानांत नेणारा प्रकल्प उभा आहे तेंच गांव. त्यामुळें आपल्यापैकीं बहुतेकांनीं तें पाहिलेलें असेल.

त्या काळच्या पदवींत निवड करण्यासारखें फारसें नव्हतें. वर्षाचे विषय ठरलेले, परीक्षा ठरलेली; सर्वांत पास झाला कीं मुलगा वरच्या वर्गांत गेला. बापानें निकालाचा कागद पाहिला म्हणजे पुरे. आतां तसें राहिलेलें नाहीं. आतां मुलगा कांहीं विषय सक्तीनें घेतो, कांहीं स्वतः निवडतो, कांहीं दुसऱ्या शाखेंतून आणतो, कांहीं तर घरीं बसून संगणकावर शिकतो. त्यांपैकीं कोणते विषय पदवीच्या हिशेबांत जमा होतील व कोणते होणार नाहींत, याचे नियम आहेत. ते न पाहिल्यास मुलगा सर्व परीक्षा पास होऊनहि पदवीवांचून राहूं शकतो.

प्रथम मोजमाप समजून घ्यावें. जमीन जशी गुंठ्यांत मोजतात, तशी ही पदवी श्रेयांकांत मोजतात. मुलें यास ‘क्रेडिट’ म्हणतात. आठवड्यास एक तास व्याख्यान, असें एक सत्र म्हणजे सुमारें पंधरा आठवडे चाललें, कीं एक श्रेयांक होतो. शिकवणीच्या तासाचेंहि तेंच माप आहे. प्रयोगशाळेंत किंवा कर्मशाळेंत मात्र दोन तासांचा एक श्रेयांक धरतात. विषयाच्या नांवापुढें ३-१-० किंवा १-०-४ असे आंकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ इतकाच कीं व्याख्यान किती, शिकवणी किती, प्रात्यक्षिक किती. गणिताचे ३-१-० म्हणजे चार श्रेयांक. आलेखन अथवा ड्रॉइंगचे १-०-४ म्हणजे आठवड्यास पांच तास मोडतात, पण श्रेयांक तीनच. लोहारकाम, सुतारकाम, जोडकाम शिकविणाऱ्या कर्मशाळेचा हिशेब असाच आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें जानेवारी २०१८ मध्यें जो नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यांत चार वर्षांच्या पदवीस एकूण १६० श्रेयांक ठरविले. चाळीस गुंठ्यांचा एकर या हिशेबानें बरोबर चार एकर. वर्षास सरासरी एक एकर, सत्रास वीस गुंठे. हा योगायोग असला तरी लक्षांत ठेवण्यास सोयीचा आहे. प्रत्यक्षांत प्रत्येक सत्र सारखें नसतें. त्या नमुन्यांत पहिल्या सत्रास १७॥ व दुसऱ्यास २०॥ असे पहिल्या वर्षाचे ३८ श्रेयांक आहेत.

आतां मुख्य मुद्दा. हे १६० श्रेयांक एकाच राशींत टाकावयाचे नसून निरनिराळ्या खात्यांत भरावयाचे असतात. गणित, पदार्थविज्ञान, रसायन या मूळ शास्त्रांचे २५. ड्रॉइंग, कर्मशाळा, विजेची व संगणकाची तोंडओळख अशा सर्व शाखांस समान असलेल्या विषयांचे २४. भाषा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन वगैरेंचे १२. हा झाला पाया. त्यावर मुलाच्या स्वतःच्या शाखेचे सक्तीचे विषय ४८ श्रेयांकांचे. हा पदवीचा गाभा असून त्यांत निवडीस जागा नाहीं. त्यानंतर आपल्याच शाखेंतील ऐच्छिक विषय १८, आणि ज्यांस ‘खुले’ ऐच्छिक म्हणतात ते बाहेरचे विषय १८. शेवटीं प्रकल्प, परिसंवाद व कारखान्यांतील उमेदवारी मिळून १५. शाखेच्या गरजेप्रमाणें यांत थोडा फेरफार करण्याची मुभा विद्यापीठांस आहे, म्हणून हे आंकडे नमुन्याचे समजावे. मुलाच्या कॉलेजचा तक्ता मागवून त्याच्याशीं ताडून पाहावे.

एका खात्यांतील जादा भरणा दुसऱ्या खात्याची तूट भरून काढीत नाहीं, हें या सर्व प्रकरणांतील मर्म आहे. आपणांस ही गोष्ट नवी वाटूं नये. एका गटांत दहा गुंठे जादा निघाले म्हणून शेजारच्या गटांतील दहा गुंठ्यांची तूट मोजणीदार भरून देत नाहीं. प्रत्येक गटाचा आकार निराळा, प्रत्येकाचा उतारा निराळा. परंतु मुलें काय करितात, कीं गुणपत्रिकेच्या तळाशीं असलेली एकूण बेरीज तेवढी पाहतात आणि ती १६० झाली कीं निश्चिंत होतात.

लेखकाच्या ओळखीच्या एका घरीं असेंच घडलें. लातूर जिल्ह्यांतील कोरडवाहू गांव, बारा एकर जमीन, तीन भावंडें. थोरला मुलगा यंत्रशाखेस होता. कॉलेजचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं. आठवें सत्र संपलें, एकहि विषय मागें राहिला नाहीं, नोकरीचें पत्र हातीं आलें. पदवीचा अर्ज मात्र परत आला. वडील गुणपत्रिकांची चळत घेऊन लेखकाकडे आले व म्हणाले, “भाऊसाहेब, बेरीज तर भरतीय. पोरगं कुठं नापास नाहीं. मग कमी काय पडलं, तेवढं तुम्हीच बघा.” सर्व कागद ओटीवर पसरून खातेवार तक्ता केला तेव्हां उलगडा झाला. मुलानें आपल्या शाखेंतील ऐच्छिक विषय १८ च्या जागीं २१ श्रेयांकांचे घेतले होते, आणि खुले विषय १८ च्या जागीं १५ चे. एक विषय त्यानें खुला समजून घेतला होता, परंतु तो त्याच्याच शाखेचा शिक्षक त्याच्याच शाखेच्या यादींतून शिकवीत होता. नांव तेवढें बाहेरचें वाटत होतें. कॉलेजच्या कचेरींत नोंदणीच्या वेळीं हें कोणी पाहिलें नाहीं, आणि पाहिलें तेव्हां चार वर्षें संपलीं होतीं. मुलानें जुलैच्या सत्रांत बारा आठवड्यांचा एक विषय संगणकावरून पुरा केला, त्यास कॉलेजची मान्यता आधीं लेखी घेतली, आणि पदवी पुढील खेपेस मिळाली. नोकरी मात्र तोंवर थांबली नाहीं. शिक्षणकर्जाचा हप्ता भागविण्यास वडिलांनीं त्या सालीं घरांत ठेवलेली तूर भाव येण्याची वाट न पाहतां विकली.

तेव्हां ‘खुला’ विषय कोणता, हें ठरवितांना विषयाच्या नांवावर जाऊं नये. तो कोणत्या शाखेच्या यादींत छापला आहे हें पाहावें. स्थापत्यशाखेच्या मुलास संगणकशाखेचा विषय खुला ठरतो. तोच विषय संगणकशाखेच्या मुलास ठरत नाहीं. शिवाय दोन विषयांचा मजकूर बराचसा एकच असेल तर पुष्कळ ठिकाणीं त्यांपैकीं एकच जमेस धरतात.

दुसरा एक प्रकार याच्या उलट आहे, व तो समजण्यास महसुली माणसास सोपा जावा. पोटखराबा आपण जाणतोंच. नाला, खडक, वहिवाटीची वाट यांवर आकार बसत नाहीं, पण गटाच्या एकूण क्षेत्रांत तो असतोच. तो वगळून नकाशा पुरा होत नाहीं. तसे कांहीं विषय शून्य श्रेयांकांचे परंतु सक्तीचे असतात. २०१८ च्या नमुन्यांत पर्यावरणशास्त्र, भारताची राज्यघटना, भारतीय परंपरागत ज्ञान आणि आरंभींचा तीन आठवड्यांचा परिचयवर्ग हे असे आहेत. यांचे गुण सरासरींत येत नाहींत, म्हणून मुलें त्यांस क्षुल्लक लेखतात, तासास जात नाहींत. परंतु ते पुरे झाल्याची नोंद नसेल तर १६० भरूनहि पदवी अडते. त्याच सुमारास परिषदेनें विद्यार्थ्यांकरितां समाजोपयोगी कामाचे १०० गुणहि ठरविले. थेट दुसऱ्या वर्षीं येणाऱ्यांस ७५. ऐंशी तासांच्या कामास वीस गुण असा त्यांचा दर आहे. खेड्यांतील पाणीपुरवठा, शेतीच्या उत्पन्नांत सुधारणा अशीं कामें त्यांत बसतात. हे गुण सरासरींत धरीत नाहींत. ज्या कॉलेजांत ही योजना चालू असेल तेथील मुलांस आपल्याच गांवीं सुटींत उपयोगी काम करतां येईल. आपल्या सोसायटीनें अशा मुलांस बांधबंदिस्तीची मोजणी किंवा विहिरींच्या पाणीपातळीची नोंद असें काम द्यावें, अशी सूचना येथें करावीशी वाटते.

नापास झालेल्या विषयाचा श्रेयांक शून्य. आणेवारी काढतांना अर्धें पीक आलें तर अर्धें धरतात. येथें तसें नाहीं. चार श्रेयांकांच्या विषयांत थोडक्यानें गेला तरी चारहि गेले. तसेंच सरासरी काढण्याची रीत ध्यानांत घ्यावी. प्रत्येक विषयाच्या श्रेणीस दहापैकीं अंक असतो, त्यास श्रेयांकांनीं गुणतात, सर्वांची बेरीज करून एकूण श्रेयांकांनीं भागतात. चार श्रेयांकांच्या विषयांत आठ आणि एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकांत दहा मिळाले तर सरासरी नऊ येत नाहीं; बत्तीस अधिक दहा, भागिले पांच, म्हणजे ८.४ येते. यावरून कोणत्या विषयास किती वेळ द्यावा हें मुलाचें त्यास कळावें.

संगणकावरून शिकण्याच्या विषयांसंबंधीं पुष्कळ गैरसमज आहेत. ‘स्वयम्’ नांवाची केंद्र सरकारची व्यवस्था २०१७ सालीं सुरू झाली. तींत अभियांत्रिकीचे विषय मुख्यत्वें आय. आय. टी. आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं चालविलेल्या ‘एनपीटेल’ या उपक्रमाचे असतात. चार आठवड्यांच्या विषयास एक, आठ आठवड्यांच्या विषयास दोन व बारा आठवड्यांच्या विषयास तीन श्रेयांक असें माप आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमान्वयें एखाद्या सत्रांतील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय या मार्गानें घेऊं देण्याची मुभा संस्थांस आहे. पूर्वीच्या २०१६ च्या नियमांत ही मर्यादा वीस टक्के होती. पण ही मुभा संस्थेस आहे, मुलास नव्हे. कोणता विषय कोणत्या खात्यांत धरावयाचा हें संस्थेची विद्वत्‌परिषद ठरविते. तिच्या यादींत नसलेला विषय मुलानें कितीहि उत्तम रीतीनें पुरा केला तरी तें प्रमाणपत्र भिंतीस लावण्यापुरतें उरतें. नुसतें पाहून व घरचे पाठ सोडवूनहि भागत नाहीं. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. पाठांस पंचवीस व परीक्षेस पंचाहत्तर गुण असतात. गांवोगांव निरनिराळ्या खासगी वर्गांच्या ज्या जाहिराती लागतात, त्यांच्या प्रमाणपत्रांचा या हिशेबाशीं कांहीं संबंध नाहीं. तें ज्ञान उपयोगी असेल, नसेल, तो प्रश्न निराळा.

यापुढील भाग नव्यानें प्रवेश घेतलेल्या मुलांच्या पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं आलें, व त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं अभियांत्रिकी पदवीची नवी चौकट ठरविली. तींत एकूण श्रेयांक १६० ते १७६ आहेत. खात्यांचीं नांवें बदललीं व वांटणीहि बदलली. दुसऱ्या विद्याशाखेचा एक उपविषय चौदा श्रेयांकांचा, खुले विषय आठ श्रेयांकांचे, कौशल्याचे विषय आठांचे, भारतीय ज्ञानपरंपरा दोनांची, आणि कारखान्यांतील उमेदवारी बारांची. म्हणजे खुल्या विषयांचे श्रेयांक अठरावरून आठावर आले, आणि पूर्वी शून्य श्रेयांकांचा असलेला परंपरागत ज्ञानाचा विषय आतां दोन श्रेयांकांनीं हिशेबांत आला. थोरल्या भावाचा तक्ता धाकट्यास लागूं पडणार नाहीं. मुलगा ज्या सालीं दाखल झाला त्या सालचा तक्ता त्याचा. मधल्या सालीं नियम बदलले किंवा मुलगा वर्ष गाळून परत आला, तर कोणता तक्ता लागूं हें कॉलेजकडून लेखी घ्यावें.

‘मायनर’ हा शब्दहि फसवा झाला आहे. २०१८ च्या नमुन्याप्रमाणें मायनर अथवा ऑनर्स म्हणजे १६० च्या वर घेतलेले वीस जादा श्रेयांक. ते न घेतले तरी पदवी मिळतेच. २०२३ च्या चौकटींत मात्र चौदा श्रेयांकांचा उपविषय हा पदवीच्या आंतला भाग आहे, तो सोडतां येत नाहीं. ‘मायनर नाहीं केलें तरी चालतं’ असें वरच्या वर्गांतील मुलानें सांगितलें व खालच्या वर्गांतील मुलानें ऐकलें, तर घोटाळा होण्यास तेवढें पुरे.

नव्या चौकटींत पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय ठेविली आहे. ठराविक जादा कौशल्यविषय पुरे केल्यास अनुक्रमें प्रमाणपत्र, पदविका व तीन वर्षांची निराळी पदवी मिळते. अडचणींतील कुटुंबास ही सोय उपयोगी आहे. परंतु ती तीन वर्षांची पदवी चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीच्या बरोबरीची नव्हे, हें समजून मगच मुलास बाहेर काढावें. दुष्काळाच्या एका सालाकरितां हा निर्णय घाईनें होऊं नये.

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या दुसऱ्या वर्षीं जाण्याचा मार्ग आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांस पुष्कळ मानवतो. लातुरास पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडासहि शासकीय तंत्रनिकेतन आहे. या मुलांस पहिल्या वर्षाचे श्रेयांक मिळवावे लागत नाहींत. राहिलेल्या तीन वर्षांचेच भरावयाचे असतात. जुन्या नमुन्याच्या हिशेबानें १६० वजा ३८, म्हणजे १२२. मात्र पदविकेंत केलेला एखादा वरच्या वर्गाचा विषय पदवींत परत माफ होईल अशी आशा धरूं नये. कांहीं ठिकाणीं गणिताचा एक पूरक विषय पुरा करण्याची अटहि असते. ती प्रवेशाच्या वेळीं विचारून ठेवावी.

ज्यांचा मुलगा शेती व यंत्रें या दोहोंची आवड ठेवतो त्यांनीं परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे पाहावें. तेथील कृषि अभियांत्रिकीची पदवी वरील परिषदेच्या तक्त्यानें चालत नसून भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें नेमलेल्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमानें चालते. माती व पाणी संधारण, ओलीत व निचरा, शेतीचीं यंत्रें, धान्यप्रक्रिया हे तेथें गाभ्याचे विषय आहेत. नांदेडच्या किंवा लातूरच्या कॉलेजांतील श्रेयांक तेथें, किंवा तेथील इकडे, आपोआप चालतील असें समजूं नये.

पदवी देणारें विद्यापीठ कोणतें, हेंहि एकदां कागदावर पाहून ठेवावें. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ सालीं झालें. पुढें २०१४ च्या कायद्यानें लोणेरें येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठास राज्यभरच्या कॉलेजांस संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. विष्णुपुरीसारख्या स्वायत्त संस्था आपला अभ्यासक्रम आपण ठरवितात. त्यामुळें एकाच शहरांतील दोन कॉलेजांचे तक्ते निरनिराळे असूं शकतात, आणि शेजाऱ्याच्या मुलाचा दाखला आपल्या मुलास उपयोगी पडेलच असें नाहीं.

पालकानें प्रत्यक्ष करावयाचें काम थोडें आहे. प्रवेशाच्या सालाचा तक्ता कॉलेजच्या पुस्तिकेंतून उतरवून घ्यावा. एका वहींत प्रत्येक खात्यास एक पान द्यावें, वर ‘भरावयाचे’ हा आंकडा लिहावा, आणि प्रत्येक सत्राच्या निकालानंतर मुलासमवेत बसून ‘भरले’ हा आंकडा लिहावा. शून्य श्रेयांकांच्या विषयांस शेवटचें एक पान ठेवावें. सहाव्या सत्राच्या अखेरीस ही वही घेऊन मुलाच्या मार्गदर्शक शिक्षकांस भेटावें व बाकी तपासून घ्यावी. सातव्या सत्रांत दुरुस्तीस जागा असते, आठव्यांत बहुधा नसते. कांहीं विषय वर्षांतून एकाच सत्रांत शिकविले जातात, हें त्याचें कारण आहे.

आयोगाच्या २०२१ च्या नियमानें श्रेयांकांची एक पेढीहि निघाली आहे. तींत मुलाच्या नांवें खातें असतें, आणि नोंदणी झालेल्या संस्थांनीं दिलेले श्रेयांक तेथें जमा होतात. त्यांची मुदत जास्तींत जास्त सात वर्षें. तेथें जमा करण्याचें काम संस्थेचें आहे, मुलाचें नव्हे. परंतु जमा झाले किंवा नाहीं हें मुलास आपल्या डिजिलॉकरमधून पाहतां येतें, व एखाद्या सत्राचे श्रेयांक तेथें दिसत नसतील तर परीक्षाविभागाकडे गुणपत्रिकेच्या नकलेसह लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घ्यावी.